रिफंडातला टक्का कुणाचा?

मागच्या अंकात एका वाचकाला मी दोन ओळींत उत्तर दिलं होतं की रिफंड मिळवून देतो म्हणून त्यातला टक्का मागणाऱ्या माणसाकडे रिटर्न भरायला देऊ नका, बाकी कुणाकडेही द्या. एवढ्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. काही चिडलेली आहेत, काही घाबरलेली, एक तर थेट इंग्लंडहून आलंय. सगळी छापणं शक्य नाही, जी छापतेय त्यातली नावं काढली आहेत आणि मजकूर थोडा कापलाय.

प्रश्न : ताई, मी चाकणला कंपनीत आहे, पगार वर्षाला साडेआठ लाख. दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्याच एकाने एका टॅक्सवाल्याचा नंबर दिला, म्हणाला टीडीएस 100% परत आणतो. आमच्या शिफ्टमधल्या बऱ्याच जणांनी केलं, ग्रुपवर रिफंड क्रेडिटचे स्क्रीनशॉट पडत होते, मग मी पण केलं. 2023-24 चा कापलेला सगळा टॅक्स म्हणजे 36,400 परत आला, त्याने 15% घेतले, 5,460 फोनपेवर. आता आयकर खात्याचा ईमेल आलाय की तुमच्या रिटर्नमधली वजावट तपासून बघा. त्याला फोन केला तर म्हणतो इग्नोर मारा, सगळ्यांना येतो. काय करू? रात्री झोप नाही. घरचं भाडं वगैरे मी कधी भरलं नाही, स्वतःचं घर आहे.

उत्तर : इग्नोर मारू नका. तो मारू शकतो कारण ईमेल त्याला आलेला नाही.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावरून मला अंदाज आला होता, आणि तुम्ही पाठवलेल्या रिटर्नच्या कॉपीत तेच निघालं. कंपनीने तुमचा टॅक्स नव्या पद्धतीने कापला होता, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, जुन्या पद्धतीत उलट. साडेआठ लाखांतून 50 हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, राहिले आठ, त्यावर त्या वर्षीच्या नव्या दरांनी सेससकट बरोबर 36,400. तो टॅक्स योग्यच होता, परत मागण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्या माणसाने रिटर्न भरताना तुम्हाला जुन्या पद्धतीत नेलं आणि वजावटी लिहिल्या : 80सी खाली (पीएफ, मुलांची फी वगैरे) दीड लाख, घरभाडं एक लाख, आणि 80जीजीसी खाली राजकीय पक्षाला देणगी 50 हजार. बेरीज तीन लाख. आठातून तीन गेले की उरले पाच, आणि जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत 87ए ची सूट मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणजे आकडे तुमच्या कागदांवरून आलेले नाहीत, आधी शून्य ठरवलंय आणि मग मागे मागे येत आकडे बसवलेत. तुम्ही कुठल्या पक्षाला 50 हजार दिलेत हे तुम्हालाच माहीत नसणार.

यात खरं काय, तर पीएफचे 80 हजार. आता खरा हिशोब जुन्या पद्धतीने मांडला तर (प्रोफेशनल टॅक्सचे अडीच हजार सोयीसाठी सोडून देते) उत्पन्न सात लाख वीस हजार आणि टॅक्स 58,760. म्हणजे बघा, कंपनीने कापलेल्यापेक्षा बावीस हजार जास्त. खोट्या वजावटीसाठी त्याने तुम्हाला अशा पद्धतीत नेऊन बसवलं जी खऱ्या आकड्यांत तुम्हाला महाग पडते. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण त्याचा टक्का रिफंडावर होता, टॅक्स बरोबर आहे की नाही यावर नव्हता.

आता पुढचं. आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ई-प्रोसिडिंग्जमध्ये (नोटिसा दिसतात तिथे) बघा, नुसती सूचना आहे की खरोखर असेसमेंटची नोटीस निघालीय. नोटीस निघाली असेल तर हे पत्रोत्तर वाचत बसू नका, सीए गाठा, रस्ता वेगळा आहे. फक्त सूचनेचा मेल असेल तर अजून स्वतःहून दुरुस्त करायला वाव आहे, त्याला अपडेटेड रिटर्न म्हणतात, आयटीआर-यू. 2025 च्या बजेटनंतर त्याची मुदत 24 महिन्यांवरून 48 महिने झाली, पण उशीर तसा दंड वाढतो : असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, रिटर्न भरायचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या वर्षात टॅक्स अधिक व्याजावर 25% जादा, दुसऱ्यात 50, तिसऱ्यात 60, चौथ्यात 70. तुमचं असेसमेंट इयर 2024-25, ते 31 मार्च 2025 ला संपलं, म्हणजे 25 टक्क्यांची मुदत गेली, 31 मार्च 2027 पर्यंत 50% लागेल. 58,760 आणि त्यावर निम्मे, व्याज धरायच्या आधीच 88,140.

आकडा बघून पोटात गोळा येणार हे कळतंय मला. पण गप्प बसलात आणि अधिकाऱ्याने पकडलं तर चुकीची माहिती दिली म्हणून कलम 270ए खाली टॅक्सच्या 200% दंड लागू शकतो, तो एकटाच 1,17,520 होतो, टॅक्स आणि व्याज वेगळं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, पण तुमचं प्रकरण आधीच्या वर्षाचं, ते 1961 च्या कायद्यानेच चालेल, त्यामुळे कुणी ‘नवीन कायद्यात जुनं सगळं माफ’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊ नका.

एकटे नाही आहात तुम्ही. 14 जुलै 2025 ला आयकर खात्याने अशाच रिटर्न भरून देणाऱ्यांच्या 150 जागांवर देशभर कारवाई केली, महाराष्ट्राचं नाव त्यात होतं. तेव्हा खात्याने सांगितलं होतं की आधीच्या चार महिन्यांत 40 हजारांच्या आसपास करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले. आणि ते काही अडाणी लोक नव्हते, मल्टिनॅशनल कंपन्या, सरकारी कंपन्या, शिक्षणसंस्था, सगळीकडचे पगारदार होते.

त्या 5,460 चं काय? फोनपेची एंट्री, व्हॉट्सॅपवरचं त्याचं ‘100% परत’ चं पत्रक आणि ‘इग्नोर मारा’ हा मेसेज, तिन्ही जपून ठेवा. शिफ्टमधले सगळे मिळून पोलिसांत तक्रार देऊ शकता, द्या. पण ती तक्रार दिली म्हणून तुमचा टॅक्स माफ होत नाही, रिटर्नखाली ओटीपी टाकून सही तुम्ही केलीय. हे दोन विषय वेगळे ठेवा.

प्रश्न : तुम्ही सरसकट सगळ्यांना झोडपलंत. मी इस्लामपूरचा. आमच्या गावात एक जण गेली कित्येक वर्षं लोकांचे रिटर्न भरतो, सीए नाही, बी.कॉम. आहे, 500 रुपये घेतो, माझा 11 हजारांचा रिफंड त्यानेच आणला आणि तो खरा होता, माझ्या पोराच्या कॉलेजची फी 80सी त दाखवायची राहिली होती ती त्याने दाखवली. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

उत्तर : नाही ओवत, आणि मागच्या अंकात मी ‘बाकी कुणाकडेही द्या’ असंच लिहिलं होतं! तुमचा माणूस अगदी बरोबर काम करतो. 500 रुपये त्याच्या कामाचे आहेत, रिफंड 11 हजार येवो की 1,100 की उलट टॅक्स भरायला लागो, त्याचे 500 तेवढेच. त्यामुळे त्याला फुगवून दाखवण्यात काही रस नाही. त्याने फीची पावती मागितली, बघितली, आणि मग आकडा टाकला. हाच माणूस उद्या ‘रिफंडाच्या दहा टक्के द्या’ म्हणाला असता तर तोच बी.कॉम., तेच गाव, पण त्याच्या हाताला पावतीपेक्षा मोठा आकडा लिहायची खाज सुटली असती. माणसं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, फी ठरवायची रीत वाईट आहे.

असा 500 वाला ज्यांच्या गावात आहे त्यांनी त्याला धरून ठेवा. पगार, एक घर, बँकेचं व्याज एवढंच असेल आणि एकूण 50 लाखांच्या आत असेल तर सहज म्हणजे आयटीआर-1 पोर्टलवर फुकट भरता येतो, बरीचशी माहिती आधीच भरून आलेली असते. पण ज्याला स्क्रीनसमोर बसलं की घाम फुटतो त्याने पाचशे-हजार देऊन भरून घेतला तर त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्याकडे येणारा सीए आहे, निदान बोर्डवर तसं आहे. तोही 8% घेतो. सीए असल्यावर चालतं ना? — नाशिक

उत्तर : सीएला तर मुळीच चालत नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागातलं दहावं कलम आहे : नफ्याच्या टक्क्यावर किंवा कामाच्या निकालावर अवलंबून फी घेणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार. सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, काही कामांना अपवाद दिलेत, पण पगारदाराचा रिटर्न भरून रिफंडातले टक्के घेणं त्यात बसत नाही. म्हणजे दोनच शक्यता, एक तर हा नियम मोडतोय, नाहीतर बोर्ड खोटा. आयसीएआयच्या साइटवर सभासदांची यादी शोधता येते, नाव टाकून बघा. माझा अंदाज दुसऱ्यावर जास्त आहे.

प्रश्न : माझी आई 74 वर्षांची, चिपळूणला असते. बाबांच्या मागे आलेले पैसे बँकेत एफडीत आहेत, साधारण 22 लाख. फॅमिली पेन्शन महिन्याला 9 हजार. बँकेने व्याजावर टीडीएस कापलाय, वर्षाला 13 हजार दोनशेच्या आसपास, आणि 2021-22 पासून तीन वर्षं कुणी रिटर्न भरलाच नाही, बाबांच्या आजारपणात आणि नंतर आईच्या ऑपरेशनमध्ये लक्षच गेलं नाही. आता बँकेच्या बाहेर एक जण टेबल टाकून बसतो तो म्हणतो जुना टीडीएस काढून देतो, 30% घेईन, आणि आत्ताच स्टँपपेपरवर करार करा म्हणतो. पैसे तसेही बुडालेलेच आहेत तर 70 तरी येतील असं आईचं म्हणणं.

उत्तर : बुडालेले नाहीत. तुमच्या आईचं उत्पन्न व्याज 1 लाख 32 हजार आणि पेन्शन 1 लाख 8 हजार, म्हणजे 2 लाख 40 हजार, टॅक्स शून्य. कापलेले सगळेच्या सगळे त्यांचे, तीन वर्षांचे मिळून 39,600. त्यातले 11,880 त्या टेबलवाल्याला कशासाठी द्यायचे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

हे पत्र वाचून मला जास्त वाईट वाटलं, कारण इथे खोटं काहीच नाही, हक्काचे पैसे आहेत आणि तरी तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाणारा वाटा मागायला माणूस बसलाय. मुदत गेली हे खरं, साधा रिटर्न आता भरता येणार नाही, आणि वरच्या पत्रातला आयटीआर-यू इथे उपयोगाचा नाही कारण त्यातून रिफंड मागताच येत नाही. (हा टेबलवाला तोच भरणार असेल तर त्याला यातलं काही कळत नाही.) पण कायद्यात 119(2)(बी) नावाचं कलम आहे, उशीर माफ करून घ्यायचं. सीबीडीटीचं, म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या केंद्रीय मंडळाचं, 1 ऑक्टोबर 2024 चं परिपत्रक आहे, त्यानुसार असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज करता येतो. 2021-22 च्या उत्पन्नाचं असेसमेंट इयर 31 मार्च 2023 ला संपलं, म्हणजे त्या वर्षासाठी 31 मार्च 2028 पर्यंत वेळ आहे, पुढच्या दोन वर्षांना त्याहून एकेक वर्ष जास्त.

अर्ज पोर्टलवरूनच होतो, दर वर्षाचा वेगळा. उशीर का झाला ते साध्या भाषेत खरं खरं लिहायचं आणि त्याला कागद जोडायचे : हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, बाबांचा मृत्यूचा दाखला, त्या त्या वर्षाचं 26एएस ज्यात कापलेला टीडीएस दिसतो, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट. मंजुरी आली की मग रिटर्न भरायचा. वेळ लागतो, परिपत्रकात सहा महिन्यांत निकाल लावावा असं म्हटलंय, थोडा धीर धरा. आणि उशिरा मागितलेल्या रिफंडावर व्याज मिळत नाही हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर मला पत्र येईल. स्वतः जमत नसेल तर चिपळूणमध्येच एखाद्या सीएला तीन अर्ज आणि तीन रिटर्नचे मिळून किती घेणार ते विचारा, आकडा रुपयांत सांगा म्हणावं.

स्टँपपेपरवर काहीही सही करू देऊ नका. आईंचं पॅन, आधार, पासबुक यातलं काही त्या टेबलवर ठेवून आला असाल तर आजच घेऊन या.

आणि नळ आधी बंद करा. दर एप्रिलला बँकेत द्यायचा तो डिक्लेरेशनचा फॉर्म, ज्याला आपण 15एच म्हणत आलो, तो दिला असता तर हे कापलंच गेलं नसतं. 1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही, पण तुमच्या आईंचं व्याज त्यावर जातंय, त्यामुळे फॉर्म द्यावाच लागेल.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची मिरजेची, आता लेस्टरला एनएचएसमध्ये नर्स आहे. इथे फेसबुकवर जाहिरात येते, नर्सेस, तुमचा युनिफॉर्म टॅक्स रिफंड चेक करा म्हणून. मी लिंकवर नाव, नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकला आणि बोटाने स्क्रीनवर सही पण केली. नंतर वाचलं तर फी 40% प्लस व्हॅट. तुम्ही भारतातलं लिहिता माहितीये पण इथल्या आमच्या मराठी मुलींच्या ग्रुपमध्ये निम्म्या जणींनी हेच केलंय.

उत्तर : अगं, इथे काय आणि तिथे काय, टक्का तो टक्काच. तुझा रिफंड मात्र खरा आहे, तेवढं बरं. युनिफॉर्म घरी धुवावा लागतो आणि कामावर त्याची फुकट सोय नाही, पैसेही मिळत नाहीत, अशा नर्सेसना वर्षाला 125 पौंडांचा ठरावीक खर्च टॅक्समधून वजा मिळतो. 125 पौंड हातात मिळत नाहीत हं, त्यावरचा टॅक्स मिळतो, 20% वालीला वर्षाला 25 पौंड. चालू वर्ष आणि मागची चार धरली तर सगळे मिळून 125. आता 40% आणि त्यावर 20% व्हॅट म्हणजे 48%, त्यांचे 60 आणि तुझे 65. एक अर्ज करायचे 60 पौंड. हाच अर्ज तू एचएमआरसीकडे, म्हणजे तिकडच्या कर खात्याकडे, स्वतः केलास तर एक पेनी लागत नाही, आणि एकदा मान्य झाला की पुढच्या वर्षांसाठी ते तुझा टॅक्स कोडच बदलून देतात, म्हणजे दरवर्षी मागत बसायला नको. नर्सिंग काउन्सिलच्या वार्षिक फीवर पण सवलत असते, तीही त्याच वेळी माग.

तुझ्या सहीचं काय ते बघ. पूर्वी तिकडे या कंपन्या डीड ऑफ असाइनमेंट नावाचा कागद सही करून घेत, त्याने रिफंडाचा हक्कच कंपनीच्या नावावर जायचा, मग एचएमआरसी पैसे थेट त्यांना द्यायची आणि करदात्याने नको म्हटलं तरी ते परत फिरवता येत नव्हतं. लोकांनी फार बोंब मारली, तेव्हा 15 मार्च 2023 पासून इन्कम टॅक्स रिफंडाचं असं हस्तांतर कायद्यानेच निरर्थक ठरवलं. त्यामुळे तुझा हक्क तुझ्याकडेच आहे. पण नॉमिनेशन म्हणजे ‘माझे पैसे यांच्या खात्यात पाठवा’ असं सांगायची सोय अजून आहे, तू बहुतेक त्यावर सही केलीयस, आणि ते तुला मागे घेता येतं.

ऑनलाइन केलेला करार आहे, साधारण 14 दिवसांत रद्द करायचा हक्क असतो. आजच्या आज ईमेलने कळव, फोनवर नको, फोनवर ते गोड बोलून थांबवतात. आणि एचएमआरसीला कळव की या एजंटला दिलेला अधिकार काढून घेतेय. 14 दिवस उलटून गेले असतील आणि दावा पाठवून झाला असेल तर मात्र फीवरून वाद होईल, तेव्हा करारात फी किती मोठ्या अक्षरात लिहिली होती त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण तिकडच्या नियमाने एजंटने फी आधी स्पष्ट दाखवायला हवी.

ग्रुपमधल्या बाकीच्यांना पण सांग. त्यातल्या एखादीला रूमवर बसवून अर्ज भरून दे आणि बदल्यात पोहे करून घे.

प्रश्न : माझा 22 हजारांचा रिफंड अडकलाय, स्टेटसला जुन्या डिमांडमध्ये ॲडजस्ट करणार असं दिसतं. एक जण म्हणतो ऑफिसात ओळख आहे, 5 हजारांत सोडवतो. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कुठल्या ऑफिसात? तुमच्या रिटर्नची प्रोसेसिंग बंगळुरूच्या सीपीसीत कॉम्प्युटरवर होते, तिथे तुमच्या गावातल्या कुणाची ओळख चालत नाही. तुम्हाला आलंय ते कलम 245 चं पत्र, कुठल्या तरी जुन्या वर्षाची बाकी दिसतेय ती या रिफंडातून वळती करू का असं विचारलंय. 21 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पोर्टलवर आउटस्टँडिंग डिमांडमध्ये जा, वर्ष बघा, भरलेली असेल तर चलन जोडून असहमत म्हणा, खरीच बाकी असेल तर सहमत म्हणून मोकळे व्हा. उत्तर दिलं नाही तर ते वळती करून टाकतात, आणि मग तो ओळखवाला येऊन म्हणेल बघा, वेळेत पाच हजार दिले असते तर.

प्रश्न : माझ्या रिटर्नचा पासवर्ड एजंटकडेच आहे, तो देत नाही, म्हणतो हिशोब मिटवा मग देतो. माझं म्हणणं असं की मी त्याच्याकडे आता जाणारच नाही, पण माझ्या नावाने त्याने काही केलं तर? पोर्टलवर ईमेल पण त्याचाच आहे. — बार्शी

उत्तर : हे खूप जणांचं आहे, फक्त बाकीच्यांना माहीत नाही. 2025 च्या त्या कारवाईत हेही पुढे आलं होतं की काही एजंट ढिगाने रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर टाकून देतात, मग खात्याच्या नोटिसा त्या ओस पडलेल्या इनबॉक्समध्ये जात राहतात आणि करदात्याला पत्ताच नाही.

पासवर्ड त्याच्याकडून मागायचीच गरज नाही. आधारला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे ना, मग पोर्टलवर पॅन टाका, फरगॉट पासवर्ड करा, आधार ओटीपी निवडा, नवीन पासवर्ड ठेवा. आधारचा मोबाइल जुना असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, त्याशिवाय पुढे सरकणार नाही. आत गेलात की प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल दोन्ही तुमचे टाका, मुलाचा ईमेल चालेल पण घरातलाच. मग बँक अकाउंटच्या यादीत बघा, रिफंडासाठी निवडलेलं खातं तुमचंच आहे का. मग मागच्या सगळ्या वर्षांचे रिटर्न डाउनलोड करून वजावटीचं पान उघडा आणि प्रत्येक आकड्यासमोर स्वतःला विचारा, याचा कागद माझ्याकडे आहे का? नसेल तर या अंकातलं चाकणचं पत्र पुन्हा वाचा. शेवटी ई-प्रोसिडिंग्ज उघडा, तिथे काही पडलं असेल तर त्यावर उत्तर द्यायची तारीख असते ती कॅलेंडरवर लिहा.

अडलं तर पोर्टलची हेल्पलाइन आहे, 1800 103 0025, टोल फ्री. सकाळी लवकर लावा. मात्र उलट तुम्हालाच कुणाचा फोन किंवा एसएमएस आला की तुमचा रिफंड मंजूर झालाय, लिंकवर खातं आणि ओटीपी टाका, तर तो खात्याचा नाही, खातं असं मागत नाही.

एजंटचा खरा काही हिशोब राहिला असेल, म्हणजे ठरलेली फी, तर ती चेकने किंवा यूपीआयने देऊन टाका आणि पावती घ्या. पासवर्ड बदलल्यावर द्या मात्र, आधी नको.